लिफ्ट सोडून जिना

नाही, नाही, बसा न भाऊ, तो वास कांद्याचा आहे. माझ्या खिशात आहे कांदा. ऊन लागू नये म्हणून आमच्या प्रेमलतानं घातला — ती काय, काउंटरवर उभी आहे, लाल साडीतली, नर्सशी भांडून राहिली. भांडण कशाचं? माझ्या बीपीचं. मोतीबिंदू काढाचा आहे माझा, अन् या डॉक्टरचं म्हणणं, बीपी खाली आल्याशिवाय मी डोळ्याले हात लावत नाही. इथं आलो का बीपी चढते, दरवेळी वापस. आता सांगा, याच्यात मधुकर घाटेची काय चूक?

प्रेमलता म्हणते, तुम्ही घाबरता. मी? अख्खी नोकरी सरकारी हापिसात काढली, मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये न विचारता घुसणारा माणूस — अन् एका पट्ट्याले घाबरीन? घरी मोजा न माझा बीपी, गाईसारखा गरीब. मशीनच खराब आहे यांचं... तुमचा बरोबर आला? त्याच मशीनवर? येते, एखाद्याचा येते.

उपाय काय कमी केले का? जावई तिकडं मिहानच्या कंपनीत आहे कम्प्युटरवर — आज घ्याले तोच येणार आहे — तो म्हणे, बाबा, डोळे मिटा अन् आवडीची जागा आठवा. म्हणून फुटाळा तलाव आठवला. गार वारा, बरं वाटून राहिलं, अन् मंग आठवलं का तिथं गाडी लावाले जागा नसते — झालं, चढला. शेजारचे देवराव म्हणे, शवासन करा. केलं, तर मले तसं पडलेलं पाहून प्रेमलताचाच चढला. मंग तिनं मीठ बंद केलं, लोणचं कपाटात, कपाटाले कुलूप. म्हणून तर इथं येताना मी खाली तर्री-पोहे खाऊन घेतो. ती समजते झेरॉक्सले गेलो. वरून अजून थोडी खारट-झणझणीत तर्री मागतो — आता अळणी खाऊन माणसाले चक्कर नाही येणार का?

अन् मंग जिन्यानं वर. लिफ्ट? आहे न, चालू आहे. प्रेमलता लिफ्टनंच आली. मी आपला जिन्यानं येतो, पटपट, दम लागेपर्यंत — काहून म्हणजे? व्यायाम. असे काहून पाहून राहिले गा माझ्याकडं? मुद्दाम नाही करत. मुद्दाम कोण करन? आता बीपी बरोबर निघाला का लगेच ऑपरेशनची तारीख देते हे लोक, तो भाग वेगळा. देवरावचं झालं मागं. सांगत होते, डोळा उघडाच ठेवते म्हणे, आपुन जागे, अन् ते आतमधून — जाऊ द्या. पोहे वर येतील.

तसं भागते माझं. दोन्ही डोळ्यांपुढं धुकं आहे, पण अंदाज चांगला आहे मले. फक्त मागच्या रविवारी — नात आहे मले, गार्गी, या जावयाचीच पोरगी. केस कापून आली बारीक, दाखवाले धावत आली माझ्याकडं. मी म्हटलं, काहून बे, कोणाचा पोट्टा तू? सारे हसले. ती नाही हसली. आजीच्या मागं जाऊन बसली, अन् जेवतपर्यंत माझ्याजवळ फिरकली नाही. मंग मी सांगितलं तिले, मस्करी केली गं. मस्करी नव्हती, भाऊ. चेहराच नव्हता दिसून राहिला. लय वाईट वाटलं. घरी कोणाले सांगितलं नाही हे, तुमाले काहून सांगून राहिलो काय माहीत.

माझं नाव घेतलं का? घेऊ द्या, पुन्हा घेतील. तिथं दारात कोण आहे, पिवळ्या कपड्यातलं? हात दाखवून राहिलं... तुमाले असन. मले? पोरगी आहे का? केस कसे आहेत — बारीक?

अजून हलवून राहिली का हात? मी पण हलवला, पाहिला न तिनं? सांगा न, पाहिला का?

बरं. तुम्ही जा आधी. नर्सले म्हणा, घाटेले थोड्या वेळानं घ्या, पोहे अन् जिना उतरू द्या त्याचे. हा कांदाही घेऊन जा. अन् आता माझ्याशी बोलू नका गा. केव्हाची बडबड चालू आहे तुमची. बीपी मोजाच्या आधी बोलाचं नसते.