दाढ, मासा आणि पेत्र

हेडक्लार्कची दाढ निघाली. पण ते अजून घडलेलंच नाही असं धरून चालू, कारण दातांच्या दवाखान्यात तो बायकोशेजारी बसलाय, समोर काचेच्या टाकीत एक मासा फिरतोय, आत मशीन घरघरतंय आणि पलीकडे सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंप्याला ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नाही.

“अहो, डोळे मिटा. प्रार्थना करा.”

“मिटले की मशीन जवळ येतं.”

“मशीनकडे नाही, प्रभूकडे लक्ष द्या.”

“देतोय. मध्येच तो काचेतला मासा येतो.”

“पेत्राचं असंच झालं. प्रभूकडे पाण्यावरून चालत निघाला, लाटांकडे बघितलं आणि बुडायला लागला.”

“लाटा परवडल्या. त्यांच्या हातात सुई नसते.”

शिंप्याने उगाच मान खाली घातली.

“रविवारी चर्चमध्ये अख्ख्या मंडळीला ‘भिऊ नका’ कोण सांगत होतं?”

“तेव्हा माझं तोंड माझ्या ताब्यात होतं.”

“आजही पळालात तर पाळकांना मी खरं कारण सांगेन.”

“हात धरशील?”

“केव्हाचा धरलाय. बोटं मोडायची राहिलीत माझी.”

नर्सने हाक मारली. तो उठला आणि डोळे घट्ट मिटून बायकोचा हात धरून, मोठ्याने प्रार्थना करत दाराकडे निघाला. शिंप्याला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

“हे प्रभू, सदर दाढ मूळची आपल्याच कार्यालयाकडून मिळालेली असल्याने ती आपणच विनावेदना परत घ्यावी, आणि तोवर दवाखान्यातील सर्व सुयांना स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती.”