आर्थरची गोळी

दवाखान्याच्या रांगेत सगळ्यात पुढची म्हातारी खिडकीशी वाकून बोलत होती.

"आर्थरच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, पोरी. परत लिहून दे."

"इतक्यात? महिनाभराच्या दिल्या होत्या, आजी."

"ईस्टरला तुम्ही कुलूप लावून बसाल, मग मी कुठं जाऊ?"

"पण त्यांना गोळ्या देतं कोण?"

"त्याचा तोच घेतो, शहाण्यासारखा."

"रोज एकच ना?"

"सकाळी घेतो. मग जेवताना विचारतो, 'विनी, गोळी घेतली का गं मी?' चहाच्या वेळी परत तेच."

"मग तुम्ही काय सांगता?"

"मला तरी कुठं आठवतंय? म्हणते, घेऊन टाक बाबा."

खिडकीतल्या मुलीनं फोन ओढला.

"आजी, आर्थर आत्ता कुठे आहेत?"

"घरीच. आज काही केल्या उठेना, म्हणून एकटीच आले."