हँक आजोबांचा अर्धा सिनेमा

प्लेनो या अमेरिकन शहरातले आमचे शेजारी हँक आजोबा एक जुना काउबॉय सिनेमा दरवर्षी लावतात आणि अर्ध्यावरच बंद करतात, हे कळल्यावर मला राहवेल का? थालीपीठ घेऊन गेलेच. युद्धाच्या काळात रँचवाले चोरून बंदुका नदीपार नेतात, अशी गोष्ट. एका घोडेस्वाराने वळून हात हलवला आणि आजोबांनी सिनेमा थांबवला.

"हे माझे डॅड. एक्स्ट्रा होते. मी पाळण्यात असतानाच वारले. पुढे सिनेमात त्यांना गोळी लागते, असं आई सांगायची. ते मला बघवणार नाही."

"हात हलवून काय म्हणतायत?"

"जातो म्हणत असतील."

"छे हो. आमच्यात निघताना 'येतो' म्हणतात."

आजोबांनी रिमोट हातात घेतला. मग म्हणाले, "तू बस इथेच," आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सिनेमा पुढे चालू केला.

गोळी लागली, डॅड पाण्यात पडले. आजोबांनी माझा हात घट्ट धरला. आणि पुढच्याच लढाईत, शत्रूच्या टोळीतून, वेगळी टोपी घालून तेच डॅड घोडा दौडवत आले. सिनेमावाल्यांना माणसं कमी पडली असतील हो, पण माझ्या अंगावर काटा आला.

आजोबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "ही सेड 'येटो'."