मऊ रबराचे टायर

हॅलो?… हॅलो, कोण, ताई?… थांब, थांब, हेल्मेट काढते, काही ऐकू येत नाहीये… हं. बोल आता.

हेल्मेट म्हणजे हेल्मेट! गाडीवरूनच उतरतेय. अंगणातच आहे. नवे टायर बसवलेत आज, त्यांची परीक्षा चाललीय. त्यांची आणि माझीसुद्धा.

हो, तुझ्या मेहुण्यांचीच गाडी… तीच ती उंच, डांबरावर पण चालते आणि रानावनात पण… अगं, चालवतेय की! तीन महिने झाले. त्याच्या जागी मीच जाते ना डोंगरावरच्या दवाखान्यांना औषधं घेऊन. बदली म्हणून. तो उठेपर्यंत.

… हो, असंच म्हणते मी. “तू उठेपर्यंत.” आणि तूही इथे आलीस की असंच म्हणायचं, कळलं?

हळूच बोलतेय. त्याची खिडकी उघडी आहे. पलंग खिडकीला लावून घेतलाय त्याने, मला बघायचंय म्हणे.

नाही… नाही सांगितलं अजून.

ताई, डॉक्टर बोलून मोकळे झाले गं. कमरेखालची ताकद आता परत येणार नाही, गाडीचं विसरा. मलाच सांगितलं, दाराबाहेर, उभ्याउभ्या. मी कशी सांगू?… तू सांगतेस? ये, सांग. तुझे मेहुणे काही विचारलं की हसतात. कसं वाटतंय, हसतो. दुखतंय का, हसतो. सांग त्या हसण्यासमोर.

… रडत नाहीये. धूळ आहे इथे.

हो, ऑफिसचं आहेच. उद्या उत्तर मागितलंय. मला त्याच्या जागी कायम घ्यायचं की दुसरा माणूस बघायचा… अगं, ‘हो’ म्हटलं की त्याला कळलंच ना! आणि ‘नाही’ म्हटलं तर खायचं काय?

बरं, ऐक ना… अगं ऐक तर. मी म्हटलं, जुनेच टायर पुरवू थोडे दिवस. ऐकेल तर शपथ! “मी उठल्यावर मला लागतीलच. नवेच घ्यायचे.” असं म्हणाला, ताई. मला लागतीलच!

मग टायरवाल्यालाच बोलावलं घरी. तीन जोड्या आणल्या त्याने, कपाटाला टेकवून ठेवल्या. सगळ्या घराला रबराचा वास. आणि हा एकेक टायर पोटावर घेऊन बघतोय… हो, पोटावर! अंगठ्याचं नख रुतवतोय, हुंगतोय. कुणी तान्हं मूल हातात दिल्यासारखा धरत होता.

नाही, बटणवाले नाही घेतले. मोठाल्या गाठींचे असतात बघ… चिखलात घट्ट धरतात, पण ओल्या डांबरावर घसरतात. आजवर तेच वापरायचा. दुसरे टायर म्हणजे चपला, असं म्हणायचा. आणि आज काय शिरलं डोक्यात! मधले घेतले. थोडे मातीचे, थोडे रस्त्याचे. त्यातही सगळ्यात मऊ रबराचे. टायरवाला म्हणाला, साहेब, तुमच्या वजनाला हे पुरायचे नाहीत, झिजून जातील. तर म्हणे, “पुरतील.” मी भांडलेसुद्धा. पैसे काय झाडाला लागलेत?

सीट पण खाली करवून घेतली… अगं, माझे पाय टेकत नाहीत ना. मी म्हटलं, तुझ्यासाठी परत वर करावी लागेल, कशाला दुहेरी काम? “करू की, त्यात काय,” म्हणाला. आणि हसला.

अहो… अहो, तिथे नको, फरशीवर ओता पाणी!… तुला नाही, टायरवाल्याला. अर्धं अंगण खडीचं, अर्ध्यात फरशी. खडीवरून यायचं आणि ओल्या फरशीवर ब्रेक मारायचा. नवा टायर निसरडा असतो म्हणे, वरची कातडी घासून जाईपर्यंत गाडी वाकवायची नाही… मला काय ठाऊक! खिडकीतून ओरडतोय ना सगळं. डोळे मिटून ऐकतो, ताई. “मागचा ब्रेक जास्त दाबलास.” आणि दाबलेला असतो गं मी!

… हो, पडले एकदा. गुडघा सोललाय, फार नाही.

तो? तो उठायला गेला, ताई. मी पडलेली बघून उठायला गेला. कोपरावर अर्धा वर आला आणि तसाच राहिला. मी गाडीखाली, तो तिथे, आणि दोघं एकमेकांकडे बघतोय. मला मरून जावंसं वाटलं.

… अगं, तेव्हा सांगणारच होते! तोंड उघडलंसुद्धा. तर तोच आधी बोलला. “पुढची हवा कमी करा.” बस्स. टायरवाला विचारतोय, एवढी कमी? तर ओरडला, “सांगितलं तेवढी करा!” मला वाटलं, अंथरुणात पडून पडून हवा किती लागते तेच विसरला बिचारा.

चूक नाही तशी. हवा वजनाप्रमाणे भरतात. तो हा एवढा धिप्पाड, त्याला जास्त लागते. हलकं माणूस असलं की कमी ठेवायची, नाहीतर टायर उड्या मारतो, जमीन धरत नाही. रबरही मऊ लागतं हलक्या माणसाला, म्हणजे मग…

…

आहे. आहे गं फोनवर.

ताई… सीट खाली. रबर मऊ. हवा कमी. त्याच्यासाठी यातलं काय आहे, सांग मला. एक तरी?

त्याला माहीत आहे, ताई. सगळं माहीत आहे… कधीपासून, मी काय सांगू! तीन महिने मी म्हणतेय, “तू उठलास की”, आणि तो “हो” म्हणतोय. मला वाटत होतं, मी सांभाळतेय त्याला.

थांब. बघतोय इकडेच… नाही, ठेवू नकोस. फोन धर तसाच.

अरे, ऐक! हवा बरोबर झाली का?… माझ्या वजनाला?

…

मान हलवली.

हसला नाही, ताई. पहिल्यांदाच हसला नाही.

काय रे?… हो!… आले!… म्हणतोय, पुन्हा ये, ओल्या फरशीवरून, आणि या वेळी पुढचा ब्रेक सोडू नकोस.

ठेवते. हेल्मेट घालायचंय.