खिडकी लागत नाय, घर बदला!

...अन् डास? डासांना काय, आमच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडीच असती ना! लागतच नाय ती. का लागत नाय? तर तिच्यातून नळी जाती. कुणाची? पुतळाबाईंची! म्हणून घरच बदलायचं. ठरलं होतं, तुम्हाला सांगतो, पक्कं ठरलं होतं!

आता तुम्ही म्हणाल, नळीचा अन् घर बदलण्याचा काय संबंध? थांबा, सांगतो. आमचं घर सिडकोतलं, रो-हाऊस. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, कन्नडचं रान वाट्यानं देऊन इथं नोकरी धरली, तवा घेतलेलं. गल्ली उताराची, आम्ही सगळ्यात खाली, म्हणून नळाला धार आमच्याकडं. मागं चढावर पुतळाबाई, एकट्या, त्यांच्या तोटीतून नुसती फुस्स हवा! अन् आपल्याकडं नळ कधी येतो? आठ दिवसांनी येतो, दहा दिवसांनी येतो, त्याच्या मनात आलं की येतो... मग तात्यांनी आमच्या तोटीला नळी लावली अन् खिडकीतून सोडली त्यांच्या जमिनीतल्या हौदात. "आजचा दिवस राहू दे," म्हणले. तो आजचा दिवस... माझं लग्न झालं, पोरगी कॉलेजात गेली, अजून मावळला नाय!

बाकी घराची तऱ्हा तर विचारूच नका. स्लॅब गळतो, फरशी उखडली, मोरीचं दार उचलून लावावं लागतं. आमच्या बायकोचं, तनुजाचं, एकच पालुपद, "अहो, बायपासला फ्लॅट बघू. लिफ्ट हाय. अन् खिडक्या लागतात!" मी म्हणलं, दुरुस्ती करू की. "आधी ती खिडकी लावून दाखवा!" झालं! तात्यांना विचारलं, तर म्हणले, "तुमची मर्जी." आमच्या घरात 'तुमची मर्जी'चा अर्थ काय असतो ठाऊक हाय? त्या दिवशी तात्या जेवलेच नाय! पण तरी ठरलं. पक्कं ठरलं होतं!

गिऱ्हाईकबी आलं. अप्पाराव, लासूर स्टेशनचे आडते, पांढरीशुभ्र विजार, कडक इस्त्री. अन् नेमका नळ आला! आता आमच्याकडं नळ आला म्हणजे पाव्हणा कोण अन् घरचा कोण, कसलं भान राहतंय? "नळ आऽऽला!" तनुजा ओरडली, तात्या हौदाकडं पळाले, मी बादल्यांकडं, अन् नळीचं टोक अप्पारावांच्या हातात! तेबी बिचारे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उभे. वरून पुतळाबाई, "सोडलं का गं तनूऽऽ?" अन् अप्पाराव खालून, "सोडलं, सोडलं!"

मग चहा झाला. अप्पाराव खूश. "घर पसंत हाय बरं का. धार झकास! फकस्त ही नळी उपटून टाकू अन् खिडकी पक्की बंद करू."

मी म्हणलं, बोला की तात्या! तात्या कपात बघून म्हणतात, "तुमची मर्जी." अन् बोललं कोण? तनुजा! जिला ती नळी डोळ्यांपुढं नको, तीच! पदर खोचून म्हणती, "नळी निघणार नाय, भाऊ."

"अहो वहिनी, त्या बाई बघतील की दुसरीकडून..."

"कुठून बघतील? माझ्या बाळंतपणात मला न्हाऊ घालायला रोज त्याच यायच्या. आता त्यांना टँकरमागं पळवू व्हय मी?"

अप्पाराव ओल्या विजारीनं गेले. मला राग यायला पाहिजे होता ना? उलट लई बरं वाटलं, खरंच सांगतो. तात्यांनी तर रात्री भाकरी मागून घेतली.

मग काय, दुरुस्ती! बद्रीनाथ मिस्त्रीनं स्लॅब केला, फरशी बसवली, नळीसाठी भिंतीला बेतशीर भोक पाडलं, अन् तनुजाच्या हौसेनं सरकती खिडकी आली, जाळीवाली, एका बोटानं लागती! दिवसभर उघडतोय, लावतोय, उघडतोय, लावतोय... वाटलं, सुटलो बाबा डासांतून. आता ही खिडकी कायमची बंद. ठरलं होतं, तुम्हाला सांगतो, पक्कं ठरलं होतं!

तेवढ्यात रामेश्वर दारात. पुतळाबाईंचा नवा भाडेकरू, त्याची टाकी वेगळी. खांद्यावर नळीचं वेटोळं. "वहिनी, ती खिडकी रिकामीच दिसती..."

मी तनुजाकडं बघितलं. तात्यांनी तनुजाकडं बघितलं. तिनं खिडकीकडं बघितलं, एका बोटानं ती सरकवली अन् म्हणली, "द्या इकडं. आजचा दिवस राहू दे."

मी? गुमान गुलमंडीच्या बाजारात गेलो अन् मच्छरदाणी घेऊन आलो.