नव्वद सालच्या मोबाईलचा दाखला

रामहरी : …तर रिपोर्ट आला, रवी. मूल हुईना ती खोट माझ्यात हाय. तुझ्या बहिणीत काय बी न्हाय. आता तू हे ऐकलंच न्हाईस. अर्ज लिही.

रविंद्र : नाही ऐकलं, दाजी. तहसील कचेरीबाहेर बसून मी दिवसभर न ऐकताच लिहितो. अर्ज कुणाला?

रामहरी : आमच्या डेअरीच्या मॅनेजरसायबास्नी. कंपनीनं दिलेला मोबाईल मी प्यांटीच्या खिशात ठिवतो. त्यानंच झालं.

रविंद्र : डॉक्टर म्हणाले तसं?

रामहरी : मीच त्यास्नी सांगितलं. त्यांनी इचारलं, लग्नाला किती वर्सं? म्हणलं, नऊ. मोबाईल कवापासनं? म्हणलं, गेल्या आखाडापासनं. मग ते चष्मा पुसत बसले.

रविंद्र : मग?

रामहरी : म्हणून दाखला पायजे. सदर मोबाईल मला लग्नाच्या साली, नव्वद सालीच दिला हुता, असा.

रविंद्र : नव्वद साली बारामतीत मोबाईल कुणाकडंच नव्हता.

रामहरी : असता तर दाखला कशाला मागितला असता?

रविंद्र : आता तरी तुमच्या एमआयडीसीत रेंज कुठं येते?

रामहरी : पाण्याच्या टाकीवर चढलं की येती.

रविंद्र : बरं. दाखल्याचं कारण काय लिहू?

रामहरी : आईला दावायचा. तिनं भिगवणची दुसरी पोरगी बघून ठिवलीया. दोष मोबाईलचा निघाला, तर अंजलीला परत न्यायला तोंड ऱ्हाईल मला.

रविंद्र : ताईला तुम्ही पुण्याला नेलं, मिरजेला नेलं. दोनदा ऑपरेशनच्या टेबलावर चढवलं. तुमची तपासणी करू म्हटल्यावर तीन दिवस जेवला नाहीत.

रामहरी : दोनच दिवस.

रविंद्र : आणि दिवाळीत, तुमच्या पुतण्याच्या बारशाला? ताई त्याच दिवशी इंदापूरला माहेरी निघून आली. काय झालं, ते अजून सांगत नाही.

रामहरी : आईनं तिला पाळण्याला हात लावू दिला न्हाय. समद्या बायकांसमोर.

रविंद्र : तेव्हा तुम्ही कुठं होता?

रामहरी : तितंच. मोबाईलवर बोलत हुतो.

रविंद्र : रेंज होती?

रामहरी : न्हवती.

(रविंद्र पेनाला टोपण लावतो.)

रामहरी : टोपण काढ. दुसरा कागद घे.

रविंद्र : कुणाच्या नावानं?

रामहरी : ती जागा कोरी ठिव. लिही… 'तरी सौ. अंजली यांची नऊ वर्षे, झीज वजा न करता, त्यांना जशीच्या तशी परत मिळावीत, ही नम्र विनंती.'