नवं पिस्तूल आणि माझं सैल मनगट

मनगट! माझं मनगट म्हणे सैल आहे! अहो, तुम्हीच सांगा, जिनं बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांच्या मॅकरोनीची पातेली एकटीनं चुलीवरून उतरवली, जिच्याकडे लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून घ्यायला शेजारचे दोन धडधाकट बाप्ये येतात, तिचं मनगट सैल? हसा, हसा… आज मीसुद्धा हसतेय, कारण आज जीव भांड्यात पडलाय. पण मागचे दोन महिने ज्याला बघावं तो माझ्या मनगटाकडेच बघत होता, एखाद्या मेलेल्या माशाकडे बघावं तसा!

आता तुम्हाला सांगते, मला पिस्तुलाची हौस नाही. शाळेतून निवृत्त झाले आणि इथे काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कोर्टाच्या दारावर पहाऱ्याला लागले. काम काय? येणाऱ्याच्या खिशातले चाकू, किल्ल्या, तंबाखूच्या डब्या टोपलीत काढून घ्यायच्या, वकिलांना पट्टा सोडायला लावायचा आणि घटस्फोटाला आलेल्या नवराबायकोला वेगवेगळ्या बाकांवर बसवायचं. कमरेला माझ्या वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. सहा गोळ्या, ठणठणीत, चाळीस वर्षांत एकदा रुसलं नाही. पण यंदा वरून हुकूम आला, रिव्हॉल्व्हर चालणार नाही, सगळ्यांनी नव्या धर्तीचं पिस्तूल घ्यायचं, स्वतःचं स्वतः, आणि चोवीस एप्रिलला परीक्षा! पन्नास गोळ्या, वेळ लावून, चाळीस तरी निशाणावर लागल्या पाहिजेत, नाहीतर बिल्ला काढून ठेवा. बिल्ला गेला की नोकरी, नोकरीबरोबर आजारपणाचा विमा, आणि आमच्या वेंडेलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलेलं जूनमध्ये. विमा गेला तर… तर काय, हे वाक्य आमच्या घरात कुणी पुरं करत नव्हतं.

तर गेले डेल्मरच्या दुकानात. डेल्मर म्हणजे आमच्या गावात बंदुका आणि गळाला लावायच्या अळ्या एकाच काउंटरवर विकणारा सज्जन गृहस्थ. म्हणाला, "ओपल, हे घे. लोण्यात सुरी फिरावी तसं चालतं. आणि वॉरंटी कसली, तर आयुष्यभराची!" कुणाच्या आयुष्यभराची, हे विचारायचं राहून गेलं बघा.

मैदानावर गेले. धाड, धाड, धाड… खट्! बघते तर रिकामं काडतूस बाहेर पडायच्या ऐवजी पिस्तुलाच्या वरच्या फटीत उभं अडकलेलं, घराच्या धुराड्यासारखं. काढलं. धाड, धाड… खट्! पुन्हा धुराडं. आमचा नेमबाजीचा मास्तर म्हणजे शेरीफच्या हाताखालचा डेप्युटी रॉयस, फ्रिजएवढा रुंद माणूस, चौथीत असताना माझ्या खिडकीपाशी पुडिंगसाठी तिसऱ्यांदा रांग लावणारा. तो आला, टोपी काढली, घसा खाकरला. "मिस ओपल, राग मानू नका हं… पण तुमचं ना… मनगट. मनगट सैल पडलं की पिस्तुलाला आतून पुरता झटका बसत नाही, मग ते अडकतं."

झालं! वणवा पेटायला एवढं पुरे! डेल्मरला फोन केला, तर म्हणे, "तेल घातलंस?" घातलं. "मग जास्त झालं असेल." पुसलं. "मग कोरडं पडलं असेल! अगं, नवीन आहे ते, पाचशे गोळ्या झाडल्याशिवाय मोकळं होत नाही." म्हणजे काय नवा बूट आहे का हा, आधी चावणार आणि मग बसणार? तरी झाडल्या हो पाचशे! तळहात सुजला. अडकलं किती वेळा? एकाहत्तर! मग डेल्मर काय म्हणाला? "हं… मग मनगटच." रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबाबांनी माझा हात हातात घेतला, मला वाटलं वेंडेलसाठी प्रार्थना करताहेत, तर हळूच दाबून बघितलं आणि म्हणाले, "भगिनी, मनगट जरा…" आणि आमचे हे! झडप धड नाही, जिना चढता येत नाही, पण खुर्चीतून उठून गेले आणि कुत्र्याचा रबरी चेंडू घेऊन आले. "ओपल, हा दाबत जा रोज. मनगट सुधारेल." मी दाबत होते हो, कोर्टाच्या दारावर उभी राहून! दुसरं काय करणार? जगच्या जग एका बाजूला आणि माझं मनगट एका बाजूला… रात्री मलाही वाटायला लागलं, असेल बाई सैल. वय झालं.

शेवटी कंपनीला फोन लावला. आधी फोनवर ताटकळत ठेवून तासभर फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, वाजवलं. मग एक मुलगी, आवाज असा गोड की मुंग्या लागाव्यात, "नमस्कार, मी मॅकेन्ना! आज आपल्याला पिस्तुलाचा कसा आनंद मिळतोय?" आनंद! मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, बऱ्याचदा काय होतं, वापरणाऱ्याची पकड…" मी म्हटलं, "बाळ, पुढचा शब्द उच्चारू नकोस. मी भली बाई आहे आणि मला भली राहायचंय." तिनं निमूट पत्त्याची चिठ्ठी पाठवली. पिस्तूल खोक्यात घालून पाठवलं.

तीन आठवडे! तीन आठवड्यांनी खोकं परत. आत पिस्तूल, एक कागद आणि एक टोपी. कागदावर काय? "आमच्या तंत्रज्ञाने पन्नास गोळ्या झाडून पाहिल्या. दोष आढळला नाही. ग्राहकाने पकड घट्ट ठेवावी." आणि टोपी कसली? फुकट! कंपनीच्या नावाची! वेंडेलनं लगेच डोक्यावर चढवली, म्हणाला, "मापाची आहे की गं." मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. त्यानं उतरवली.

परीक्षेला राहिले बारा दिवस. मैदानावर गेले. धाड, धाड… खट्. आणि खरं सांगते, लपवत नाही, मी तिथंच रडले. पिस्तुलासाठी नाही हो. जूनसाठी. रॉयस बिचारा इकडेतिकडे बघायला लागला, एवढा मोठा माणूस पण बाईच्या रडण्यापुढे त्याला हात कुठे ठेवावेत कळेना. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "रॉयस, चौथीत तुला तिसरं पुडिंग कोण द्यायचं?" म्हणाला, "तुम्ही, मिस ओपल." "मग आज तू माझं एक काम कर. हे घे. सगळ्या गोळ्या तू झाड. तुझ्या मनगटानं." आता रॉयसचं मनगट कसं? माझ्या पोटरीएवढं! ट्रकचं चाक एका हातानं उचलतो तो. उभा राहिला, पाय रोवले, धाड, धाड, धाड… खट्!

रॉयसनं पिस्तुलाकडे बघितलं. मग स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं… मी खिशातून तो रबरी चेंडू काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

पुन्हा फोन, पुन्हा फिडल, पुन्हा मॅकेन्ना. पण या वेळी माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पोरगी म्हणाली, "थांबा हं, मी तुम्हाला मिस्टर ऑर्डवेंकडे देते. पण मी दिलं म्हणून सांगू नका." मिस्टर ऑर्डवे म्हणजे कारखान्यातला जुना माणूस, आवाज खडी दळावी तसा. मनगटाचं नावसुद्धा नाही! विचारलं काय, तर, "बाई, रिकामी काडतुसं पडतात कुठे?"

मी म्हटलं, "कुठेही! एक टोपीवर, एक माझ्या कॉलरमध्ये, एक रॉयसच्या कॉफीत."

"एकाच जागी पडत नाहीत ना? मग दोष तुमचा नाही. काडतूस ओढून बाहेर फेकणारा एक बारीक आकडा असतो, तो बिघडलेला आहे. तुमच्या हाताचा काही संबंध नाही."

दोष तुमचा नाही! मी फोन घेऊन स्वयंपाकघरातल्या फरशीवरच बसले. मग त्यांनी विचारलं, एवढी घाई कशाची आहे, आणि मी, परक्या माणसाला, सगळं सांगून टाकलं, परीक्षा, विमा, झडप… मग म्हणाले, "आमच्या हिचं हेच ऑपरेशन झालं तीन वर्षांमागे. आता बाग खणते. तुम्ही खोक्यावर माझं नाव घाला." चौथ्या दिवशी त्यांचा स्वतःहून फोन! "तुमचं दुरुस्त करण्यासारखं नाही, नवं पाठवतोय. दोनशे गोळ्या मी स्वतः झाडल्यात, एकही अडकली नाही. पण याचा नंबर वेगळा, म्हणजे कागदोपत्री ही नवी खरेदी, त्यामुळे कंपनीच्या नियमानं ते परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावं लागेल."

म्हणजे डेल्मर.

गुरुवारी सकाळी नवं पिस्तूल डेल्मरच्या दुकानात पोचलं. परीक्षा शुक्रवारी सकाळी. मी धावत गेले, तर दाराला कुलूप आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं, "टर्की मारायला गेलो आहे. रविवारी येईन." टर्की म्हणजे रानातले ते मोठाले पक्षी, त्यांच्या शिकारीचा मोसम हो! त्याची बायको नदीन म्हणाली, "खोकं मी घेतलंय गं, पण द्यायचा परवाना त्याच्या नावावर. फोन लावू नकोस, बंद आहे. घंटी वाजली की पक्षी पळतात म्हणे. चर्चमागच्या डोंगरावर आहे कुठेतरी."

कुठेतरी! अहो, जो माणूस कुणाला दिसू नये म्हणून झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घालून, तोंडाला रंग फासून, श्वास रोखून बसलाय, त्याला शोधायचं कसं? आणि रानात तेव्हा प्रत्येक झुडपामागे बंदूकवाला! मी वेंडेलचा भडक नारिंगी कोट चढवला आणि मला कुणी टर्की समजू नये म्हणून मोठ्यानं भजनं गात निघाले. दीड तास चढले. आवाज बसला. तेवढ्यात ऐकू आलं, टर्कीची मादी ओरडतेय. डेल्मर तोंडात शिट्टी धरून हुबेहूब तसा आवाज काढतो, सगळ्या गावाला माहीत आहे. गेले मागावर. ती खरीच मादी निघाली! उडाली अंगावर! मग दुसऱ्या बाजूनं आवाज. तिकडे गेले आणि एका झुडपाला म्हटलं, "डेल्मर, बाहेर ये."

झुडूप दबक्या आवाजात म्हणालं, "ओपल, खाली बस! तीन दिवसांनी नर आलाय, तीस पावलांवर आहे!"

मी म्हटलं, "माझा नर गेली छत्तीस वर्षं खुर्चीत बसलाय आणि मला तो अजून पुष्कळ वर्षं बसलेला हवाय. चल!" एवढ्या मोठ्यानं म्हटलं की तो पक्षी डोंगराच्या पलीकडे. डेल्मरनं डोळे मिटले. मग मुकाट्यानं उठला. देवमाणूस हो! तोंडाला हिरवा रंग तसाच, कानात पानं, आणि दुकानात बसून माझा फॉर्म भरला, माझ्या नावावर गुन्हा नाही ना, या सरकारी चौकशीचा फोन लावला, आणि खोकं माझ्या हातात दिलं. म्हणाला, "लोण्यात सुरी…" मी म्हटलं, "गप."

शुक्रवारी उजाडलं. वेंडेल गाडीत बसून राहिला, काच खाली करून, बोटांवर मोजत. धाड, धाड, धाड… तिसरी गेली, चौथी गेली, दहावी, विसावी… काडतुसं सगळी उजव्या हाताला, एका ढिगात, शहाण्या पोरांसारखी! पन्नासच्या पन्नास, एकदाही खट् नाही! निशाणावर त्रेचाळीस. त्रेचाळीस हो! मिठीबिठी काही नाही, वेंडेल एवढंच म्हणाला, "भूक लागली." मी म्हटलं, पावासारखी मऊ बिस्किटं मिळतील, त्यांच्यावरची चरबीची ग्रेव्ही नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. जूनपर्यंत तर नाहीच! जून म्हणताना पहिल्यांदा माझी जीभ अडली नाही.

रॉयस आला, परीक्षेपुरता जमा केलेला बिल्ला माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "बघितलंत? मनगट सुधारलं!"

…जाऊ दे. सोडून दिलं. एवढ्या आनंदात माणसाला मारू नये.

पण थांबा, कालची गोष्ट राहिली. काउंटीनं आपल्या डेप्युटींसाठी बारा नवी पिस्तुलं घेतली. कुठली? त्याच कंपनीची, तीच जात! काल बाराही जण ओळीनं उभे राहिले आणि मैदानावर मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसं खट्, खट्, खट्! मनगटाबद्दल चकार शब्द निघाला नाही म्हणे कुणाच्या तोंडून. संध्याकाळी शेरीफसाहेब, म्हणजे रॉयसचे वरचे साहेब, स्वतः माझ्या दारात, टोपी हातात, "मिस ओपल, कंपनीशी बोलायचा अनुभव आपल्या काउंटीत फक्त तुम्हालाच…"

तर उद्या सकाळी आठपासून मी फिडल ऐकत बसणार आहे. आणि मॅकेन्नाला आधीच विचारून ठेवलंय मी… एका फोनवर एकाच पिस्तुलाची तक्रार घेतात!